निप्पल हाये, पन ग्रीस माराचं कोनं?

२०२२ च्या जूनमध्ये आपल्या अमरावती-अकोला रस्त्यानं गिनेस बुकात नाव लावलं. लोणीपासून माना गावापर्यंत सलग ७५ किलोमीटर डांबरी थर, १०५ तास ३३ मिनिटांत. आधीचा विक्रम कतारमधल्या दोहाचा. तिथं पंचवीस किलोमीटरला दहा दिवस लागले होते. वऱ्हाडानं दोहाला हरवलं, याचा आनंद मलाही झाला. आता ते ७५ किलोमीटर एका लेनचे होते आणि दोन लेननं मोजले तर साडेसदतीसच भरतात, ही ओळ बातमीत खाली होती. आपण बातमी वरून वाचतो आणि खाली पोचायच्या आत फॉरवर्ड करतो.

विक्रमाची चेष्टा करत नाही. रस्ता झाला, बरं झालं. पण राष्ट्रीय महामार्गावर कोणाचंच शेत नसतं. मूर्तिजापूरला वळण घेतलं, दोन गावं मागं टाकली, की डांबर आपला निरोप घेतं आणि गिट्टी सुरू होते. गिट्टीनंतर मुरूम, मुरुमानंतर पांदण. पांदणीत उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात ढोपरभर गारा. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चाकाला अशी चिकटते, की चाक फिरतंय की नुसतंच जाड होतंय, ते कळत नाही. या पांदणींसाठी सरकारची योजनाही आहे, २०२१ सालची: मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना. नाव वाचून होईपर्यंत अर्धी पांदण पार होते. झालेली असली तर.

ऑफ-रोड म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला विचारा. तो सुट्टीचा दिवस, मुद्दाम शोधलेला चिखल आणि त्यासाठी भरलेली फी सांगेल. आमच्याकडं ही सोय घरापासून शेतापर्यंत आहे आणि फी नाही. म्हणून या आठवड्याचा प्रश्न वऱ्हाडाला जितका लागू आहे तितका कोणाला नसेल: गाडीच्या सस्पेन्शनचे पार्ट निप्पलवाले घ्यावे, का सीलबंद?

अमरावतीत गॅरेजच्या गल्लीत चहा घेताना हा वाद ऐकायला मिळतो, आणि तो निवडणुकीच्या वादापेक्षा खरा असतो. एक पक्ष पिकअपवाल्यांचा. कापूस, तूर, खताच्या गोण्या आणि लग्नाचं वऱ्हाड एकाच हौद्यात नेणारी ही मंडळी. त्यांचं म्हणणं, "निप्पल पाह्यजे म्हंजे पाह्यजे. आतलं काई दिसतच नाई त भरोसा कायचा?" दुसरा पक्ष नव्या कोऱ्या फोर-बाय-फोरवाल्या पोरांचा. त्यांचं म्हणणं, "काका, आता कोन ग्रीस मारते? सीलबंद हाये. फिट केलं का इसरून जा." या पोरांची गाडी रोज राजापेठेतून पंचवटी चौकापर्यंत जाते आणि वर्षातून एकदा चिखलदऱ्याला. तिथं पंचबोल पॉइंटला जाऊन, फोटोसाठी दोन चाकं गवतात घालणं याला ते ऑफ-रोडिंग म्हणतात. त्यांच्यापुरतं सांगायचं तर त्यांचं बरोबर आहे. सीलबंदच घ्या आणि इसरून जा. उरलेला लेख तुमच्यासाठी नाही, पण वाचायला बंदीही नाही.

चाक वरखाली होतं आणि वळतंही. या दोन्ही गोष्टी जिथं घडतात तिथं सांधे असतात: बॉल जॉइंट, टायरॉडचं टोक, पाट्याच्या शॅकलची पिन, जुन्या गाडीत किंगपिन. लोखंडावर लोखंड घासतं, मधे ग्रीस लागतं. जुन्या पार्टाला त्यासाठी एक छोटी बोंडी असते, आत स्प्रिंगवरची गोळी. ग्रीस गन लावली की गोळी मागं सरकते, ग्रीस आत जातं, गन काढली की गोळी तोंड बंद करते. व्हिएन्नात जन्मलेल्या ऑस्कर झर्क नावाच्या गृहस्थाला अमेरिकेत १९२९ साली हिचं पेटंट मिळालं. अमेरिकेत आजही तिला त्याच्याच नावानं ओळखतात. आपल्याकडं ती निप्पलच राहिली.

नव्या पार्टात हे काही नाही. कारखान्यात एकदा ग्रीस भरतात, वर रबरी बूट चढवतात आणि डब्यावर 'लाइफटाइम' छापतात. आयुष्य कोणाचं, हे छापत नाहीत. गाडीचं? मालकाचं? माझा समज असा, की ते पार्टचंच असावं. पार्ट मेला, आयुष्य संपलं, वचन पाळलं गेलं.

तरी कंपन्यांना शिव्या देण्याआधी एक कबूल करू. निप्पल कंपनीनं पळवलं नाही, आपण हाकललं. महिंद्रानं १९४९ मध्ये मुंबईत माझगावला विलिस जीप जुळवायला घेतली, तेव्हा त्या जीपला जागोजागी निप्पल होती. पाट्याच्या शॅकलसुद्धा इंग्रजी यू अक्षरासारख्या, आट्यांच्या बुशात फिरणाऱ्या आणि प्रत्येकीला ग्रीसची सोय. पुस्तकात लिहिलेलं, दर हजार मैलांनी चॅसीला ग्रीस मारा. लष्करात ते शक्य होतं, कारण तिथं न मारणाऱ्याला विचारणारा हवालदार होता. जीप लिलावात निघून गावात आली आणि हवालदार तिकडंच राहिला. मग निप्पलवर मातीचं ढेकूळ बसलं, त्यावर रंग बसला, आणि पुढच्या मालकाला तिथं निप्पल आहे हेच माहीत नव्हतं. ग्रीस न मारलेला निप्पलवाला सांधा हा सीलबंद सांध्यापेक्षा लवकर मरतो, कारण त्याचं सील बहुतेकदा मुळातच सैल ठेवलेलं असतं. जुनं ग्रीस बाहेर पडायला वाट लागते. जिथून ग्रीस बाहेर येतं तिथूनच माती आत जाते. कारखान्यांनी हे सगळं पाहिलं, रबर सुधारलं, बॉलभोवती प्लास्टिकची वाटी बसवली आणि निप्पल काढून टाकलं. डांबरावर चालणाऱ्या गाडीला हा सौदा वाईट नाही. विक्रमी रस्त्यावर रोज ये-जा करणाऱ्यानं तर ग्रीस गन घेऊच नये, भेट म्हणूनही.

भानगड पांदणीत सुरू होते. तुरीची सोंगणी झालेल्या वावरातून कधी गाडी घातली आहे? ते तिरपे कापलेले खुंट ट्रॅक्टरच्या टायरला ऐकत नाहीत, तर बॉल जॉइंटच्या पातळ रबरी बुटाचं काय घेऊन बसलात? पऱ्हाटीच्या खुंटांचंही तेच. बुटाला नखाएवढी चीर पडते. वरून काही दिसत नाही, गाडी चालतच असते. पुढच्या पावसात त्या चिरेतून काळं पाणी आत जातं, पाण्याबरोबर बारीक रेती, आणि आतलं ग्रीस व रेती मिळून घासायचा मसाला तयार होतो. चाक वळलं की तो मसाला कामाला लागतो. सीलबंद पार्टाला यावर इलाज नाही. जे आत गेलं ते आतच राहणार. काही दिवसांनी खड्ड्यात 'टक्' आवाज येतो, मग स्टिअरिंग एका बाजूला ओढतं, आणि तरीही मालक ऐकत नसेल तर एखाद्या दिवशी चाक आडवं होऊन बसतं.

निप्पलवाल्या पार्टात हाच मसाला बाहेर काढता येतो. पावसाळ्यात एकदा उकिडवं बसून हे पाहा. मिस्त्री निप्पल पुसतो, गनचं तोंड दाबून बसवतो आणि दांडा हलवतो. पहिल्या दाबाला काहीच होत नाही. मग शॅकलच्या कडेनं गढूळ पाण्याचा एक थेंब येतो. मग तपकिरी, गंजाच्या रंगाचा लगदा; बोटानं चोळला तर आत रेती कचकचते. मग काळं ग्रीस, आणि शेवटी आतून नवं, स्वच्छ, त्याच रंगाचं ग्रीस येऊ लागतं, जे गनमध्ये भरलं होतं. तिथं थांबायचं. जे पाणी आणि जी रेती वर्षभर तिथं संसार करून राहणार होती, ती दोन मिनिटांत जमिनीवर. पांदणीतल्या गाडीला निप्पल हवं, याचा याहून मोठा पुरावा माझ्याकडं नाही, आणि याहून मोठा लागतही नाही.

आता पिकअप पक्षानं टाळ्या वाजवायच्या आत त्यांचंही थोडं ऐकवतो.

निप्पल लावलं म्हणून हलका माल भारी होत नाही. गल्लीत जो स्वस्त बॉल जॉइंट मिळतो, त्याला निप्पल असतं, पिवळं चकचकीत असतं, आणि आतलं लोखंड ग्रीससारखंच मऊ असतं. कंपनीचा चांगला सीलबंद पार्ट अशा निप्पलवाल्याला दोनदा पोचवून येईल. दुसरं, निप्पलसाठी पोलादाला भोक पाडावं लागतं. प्रोपेलर शाफ्टचा जो क्रॉस असतो, त्याचं निप्पलवालं रूप आतून पोकळ, बिननिप्पलचं भरीव. दगडात गाडी अडकवून ताकद लावणाऱ्यांसाठी भरीव क्रॉस जास्त मजबूत, म्हणून दगडांवर गाडी चढवणारे अनेक जण मुद्दाम बिननिप्पलचा घेतात. आपण कापसाच्या गाठी नेतो, दगडांवर चढत नाही. आपल्याला पोकळ चालतो, पण ग्रीस दिलं तरच. शॅकलच्या बोल्टाचंही तेच गणित.

तिसरं, रबरी बुश. मेळघाटात सफारीला फिरणाऱ्या जिप्सीच्या पाट्यांना रबरी बुश असतात. तिथं ग्रीस मारायला जागा नाही, आणि कोणी हौसेनं फासलं तर खनिज तेलानं रबर फुगतं, मऊ पडतं आणि लवकर जातं. तरी गल्लीत प्रत्येक आवाजावर एकच औषध: "ग्रीस फासून दे रे बाबू." आवाज दोन दिवस बंद, बुश दोन महिन्यांत बंद.

मेळघाटाचं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट. कोलखासकडं सिपना नदीचं पाणी ओलांडताना तापलेली गाडी गार पाण्यात उतरते. चाकाच्या हबमधली हवा आकसते आणि सीलच्या कडेनं पाणी आत ओढून घेते. सील ठीक असलं तरी कधी कधी हे होतं. त्या पाण्याला बाहेर काढायला ताजं ग्रीसच लागतं, आणि ज्या हबला बाहेरून ग्रीस देता येत नाही तो खोलूनच भरावा लागतो. कुपोषणाच्या पाहणीला दर पावसाळ्यात साहेबांच्या गाड्या धारणीकडं जातात. परतताना त्यांचे बॉल जॉइंट खिळखिळे झालेले असतात. पाहणीचा निदान तेवढा तरी परिणाम दिसतो.

मग निप्पल घेऊन खरंच ग्रीस मारतं कोण? जो यंत्रावर पोट भरतो तो. जेसीबीवाल्याला विचारा, त्याच्या पिना-बुशांना रोज सकाळी ग्रीस लागतं, आणि तो ते विसरत नाही, कारण तासाच्या भाड्याची मशीन उभी राहिली की त्याला तासाचं दुःख होतं. ट्रकच्या किंगपिनला आणि पाट्याच्या पिनांना आजही निप्पल आहेत. ट्रकवाला मागासलेला आहे म्हणून नव्हे, त्याला हिशोब येतो म्हणून. रोटाव्हेटरच्या शाफ्टचा क्रॉस ग्रीस न मिळाल्यास ऐन हंगामात तुटतो, हे एकदा पाहिलेला शेतकरी गनची जागा अंधारातही सांगतो.

आणि मूर्तिजापूरची आठवण काढा. अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळ, आपली शकुंतला रेल्वे. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला घडलं, १९२३ पासून गाडी ओढू लागलं आणि १५ एप्रिल १९९४ ला निवृत्त झालं. सत्तर वर्षं! वाफेच्या इंजिनात 'लाइफटाइम' असं काही नसतं. गाडी थांबली की लांब चोचीची तेलाची झारी घेऊन माणूस खाली उतरतो, दांड्यांच्या प्रत्येक सांध्यावर वाकतो, तेल देतो, हात लावून गरम किती ते पाहतो आणि मग शिट्टी. शकुंतलेला नंतर डिझेल इंजिन लागलं, पुढं गाडीच बंद पडली. तिच्या रुळांना ज्यांच्या झारीची गरज होती, त्यांच्या टेबलावर फायली होत्या.

त्या वाकण्यात खरी किंमत आहे. ग्रीसचं काम दुय्यम, असं माझं मत हल्ली होत चाललं आहे. निप्पल असलं की माणसाला गाडीखाली जावं लागतं. खाली गेला की त्याला फाटका बूट दिसतो, तडा गेलेला पाटा दिसतो, सैल झालेला यू-बोल्ट दिसतो, गळणारं डिफरन्शियल दिसतं. सीलबंद गाडीखाली कोणी जात नाही. तिला वरून पाणी मारतात. तेही जोराच्या पंपानं, थेट बॉल जॉइंटच्या बुटावर, म्हणजे जे पाणी पांदणीनं आत घातलं नाही ते वॉशिंग सेंटर घालतं. पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात तर बोअरचंच पाणी खारं. गाडी धुऊन चमकते आणि खालून गंजते.

दसऱ्याला हीच गाडी पाहा. बॉनेटवर झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, काचेवर हळदीकुंकू, पोरांना पेढे. खाली निप्पलवर मागच्या पावसाळ्याची माती तशीच. आपल्याच आज्यानं पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाला आवतण दिलं की पहिलं काम खांदमळणीचं केलं. जिथं वर्षभर जू घासलं, तिथंच तूप-हळद. शिंगांना रंग नंतर. बंडीच्या आसाला ओंगण दिल्याशिवाय तो बाजाराला निघत नसे. कुरकुर ऐकून शेजारी नाव ठेवतील, ही लाज होती. आपण लाज म्युझिक सिस्टिमनं झाकतो. आवाज वाढवला की बॉल जॉइंट कुरकुरत नाही.

तर निकाल. शहरात आणि महामार्गावर चालणारी गाडी असेल तर निप्पलच्या नादी लागू नका, कंपनीचा सीलबंद पार्ट घ्या आणि दर सर्व्हिसला बूट फाटला का तेवढं पाहून घ्या. पांदणीत, वावरात, मुरमाच्या खाणीवर किंवा मेळघाटात राबणारी गाडी असेल आणि तुमच्या घरी स्वतःची ग्रीस गन असेल, तर बॉल जॉइंट, टायरॉड आणि शॅकल निप्पलवाले घ्या, चांगल्या मालाचे. गाडी राबते आहे पण गन शेजाऱ्याकडून मागून आणावी लागते, अशी स्थिती असेल तर सीलबंदच घ्या. उसनी गन पोळ्याला येते आणि दिवाळीला परत जाते, मधे एकदाही दांडा हलत नाही. रबरी बुशाला दोन्ही पक्षांनी हात लावू नये. क्रॉसला ग्रीस देणार नसाल तर भरीव घ्या.

जे निप्पल घेतील त्यांना चार शब्द. दोन जातींची ग्रीस एकमेकांत मिसळू नका. लिथियमच्या ग्रीसमध्ये पॉलियुरियाचं ग्रीस गेलं तर दोन्ही पातळ होऊन वाहून जाऊ शकतात. डब्यावर काय लिहिलं आहे ते वाचा, दुकानदार "सगळं एकच हाये" म्हणाला तरी. पाण्यात फिरणाऱ्या गाडीला पाण्याला टिकणारं ग्रीस मागा. ज्या निप्पलवाल्या पार्टाचा बूट पूर्ण बंद असतो, त्याला दांडा जोरानं मारू नका, बूट फुगला की थांबा. फुटेपर्यंत मारलं तर सीलबंदवाल्या पोरांना हसायला कारण मिळेल. पाणी ओलांडून आलात तर दुसऱ्याच दिवशी ग्रीस मारा, रविवारची वाट पाहू नका. आणि गन लावण्याआधी निप्पल फडक्यानं पुसा, नाहीतर पांदणीतली माती तुम्ही स्वतःच्या हातानं सांध्यात भराल.